रांजणांची मोरी

आमच्या गणेशोत्सवाच्या वार्षिकाचे तरुण संपादक घरी आले आणि म्हणाले, "दरोगासाहेब, यंदा तुमच्या नोकरीचे अनुभव पाहिजेत." मी विचारलं, "गणपतीच्या अंकात मोऱ्या?" बिचारे चपापले. मागल्या वर्षी जंगलखात्यातल्या एका गृहस्थांनी वाघावर लिहिलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी एका वकिलांनी खुनाच्या खटल्यावर. त्यांच्या पंगतीला मी सांडपाणी घेऊन बसणार, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं. पण मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, वाघ किती घरांत येतो हो? सांडपाणी मात्र प्रत्येक घरातून जातं, निदान जायला पाहिजे. ते जात नसलं म्हणजे मला बोलावत.

मी अमरावतीचा मोरी दरोगा. घरातली न्हाणी, भांडी घासायची जागा, गोठा यांचं पाणी रस्त्याच्या नालीत नेणारा नळ केवढा असावा, किती उतारावर असावा, हे बघणं माझं काम. आयुष्यभर मी लोकांच्या घरात मागच्या दारानं शिरलो. लग्नाच्या पंगतीत मला कोपऱ्यातला पाट मिळे, आणि त्याच लग्नात न्हाणी तुंबली की यजमान स्वतः हात जोडून माझ्या पानाशी येत. तेव्हा मी आणखी एक जिलेबी सावकाश खात असे. एवढा मान मला पुरला.

माझी नोकरी सुरू झाली ती कापसाच्या सुगीत. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि सगळं जग आमच्या वऱ्हाडातली बोंडं वेचायला धावलं. त्या दोन-चार वर्षांत आमचे लोक जे काही वागले, ते आठवलं की आजही मला एकट्याला हसू फुटतं आणि घरातले काळजीनं बघतात. भातकुलीच्या एका कास्तकारानं बैलांना रेशमी झुली शिवल्या आणि पाऊस आला की झुली भिजू नयेत म्हणून बैलांवर छत्री धरायला गडी ठेवला. अंजनगावच्या एका व्यापाऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ आणलं. वेळ कोणालाच वाचता येत नव्हती. पण एकट्या घड्याळाला करमत नसेल म्हणून त्यानं समोरच्या भिंतीवर दुसरं लावलं. दोन्ही घड्याळं वेगवेगळी वाजत आणि घरातले त्यांचं भांडण चाललंय म्हणून ऐकत बसत.

पैसा आला तशी पक्की घरं आली, घरोघर फरसबंद न्हाण्या आल्या, आणि जो तो ऐटीत घागरींवर घागरी ओतून अंघोळ करू लागला. ते सगळं पाणी रस्त्यावर. रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग, खाली आमची काळी माती. त्या चिखलात एक दिवस साहेबाची बग्गी आसापर्यंत रुतली. साहेबाला उचलून कापसाच्या गाठोड्यावर बसवावं लागलं, आणि तिथे बसल्या बसल्याच त्याला मोऱ्यांचा नियम सुचला असं लोक म्हणत. नियम असा: रस्त्याच्या नालीला मोरी जोडायची तर भाजक्या मातीचा नळ घालावा, आणि घरात पाणी सांडायच्या जागा जितक्या, तितक्या मापाचा घालावा.

बाहेरच्या माणसाला वाटतं यात काय मोठं. सांगतो. प्रत्येक जागेचे आम्ही वाटे धरले होते. भांड्यांच्या मोरीचा एक वाटा, न्हाणीचे दोन, कारण तिथे पाणी एकदम लोटतं. गोठ्याचे तीन. सगळे वाटे मिळवायचे आणि त्यावरून नळाची रुंदी ठरवायची, चार बोटी, सहा बोटी की वीतभर. उतार दोन हातांना एक बोट. कमी दिला तर पाणी झोपतं. फार दिला तर पाणी पळून जातं आणि राख, शितं, केस मागे टाकून जातं. शिवाय वाटेत नळ कुठेही आधीपेक्षा बारीक करायचा नाही. झाली माझी सगळी विद्या. उरलेली काळ्या मातीनं शिकवली. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि नळाला खालून ढोसते. म्हणून तळाशी मुरूम घालून चोपल्याशिवाय मी नळ टाकू देत नसे.

घोटाळा नियमाच्या शब्दांत होता. त्यात "एवढा तरी नळ पाहिजे" असं होतं. "एवढाच" असं नव्हतं. आणि कापसाच्या सुगीत वऱ्हाडी माणसाला "एवढा तरी" असं सांगायचं म्हणजे काय!

शेजाऱ्याचा नळ सहा बोटी, तर माझा वीतभर. त्याचा वीतभर, तर माझा हातभर. मोरीच्या रस्त्याकडच्या तोंडाला दगडी कमानी आल्या, कमानीवर मोर आले. आमच्याच पेठेतल्या एका सावजींनी मोरीची वास्तुशांत केली. ब्राह्मण बोलावले, तोंडाला हळदकुंकू लावलं, आणि नळ केवढा मोठा ते दिसावं म्हणून न्हाणीतून अख्खा नारळ घरंगळत सोडला. वाजंत्री रस्त्यावर नारळाची वाट बघत वाजवत राहिली. नारळ आत कुठेतरी अडकला तो अडकलाच. वाजंत्री दमून थांबली, तेव्हा सावजी म्हणाले, "मोरीनं नैवेद्य घेतला."

आता मोठ्या नळात वाईट काय, असं तुम्हीही विचाराल. बारीक नळात घागरभर पाणी अंग चोरून, जोरात, सगळं ढकलत जातं. तेच पाणी हंड्याएवढ्या नळात गेलं की तळाशी पसरतं आणि जिथल्या तिथे बसतं. हे तोंडानं सांगून कोणाला पटत नसे. म्हणून मी आणि रहीमबक्ष मिस्त्रीनं सरकीची परीक्षा काढली. रहीमबक्ष माझा जोडीदार. उतार बघायची पाणसळ त्याच्या हातात, सही माझ्या हातात. भिजवलेली मूठभर सरकी न्हाणीत टाकायची, वरून एक घागर पाणी. रहीमबक्ष रस्त्यावर मोरीच्या तोंडाशी चाळणी धरून बसे. सरकी आली की तो ओरडे, "आली बाप्पा, आली!" आणि मी सही करी. एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

एक दिवस सकाळीच आमचे शेजारी आबाजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. त्यांची लेक काशी त्याच साली अकोल्याला सासरी नांदायला गेली होती. ही पोर माझ्या अंगणात वाढलेली. मी पाणसळ लावून बसलो की शेजारी बसून पाण्याकडे एकटक बघायची. आबाजींचा चेहरा उतरला होता.

"काशीले धाडून राहिले वापस," ते म्हणाले.

"कावून? काय केलं पोरीनं?"

"काई नाई केलं. थे घरात गेली अन् आठ दिसांत त्याईची मोरी तुंबली. साफ केली, पुन्हा तुंबली. अंगणात पाणी, वास, डास. आता थे म्हणतात पोरीचा पायगुण वाईट हाय. पुनवेले आणून सोडतो म्हणतात."

मला आधी हसूच आलं. मग आबाजींच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि माझी मला लाज वाटली. पायगुण वाईट म्हणून परत आलेल्या मुलीचं पुढे काय होतं, ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ती माहेरच्या चुलीशी म्हातारी होते.

"मोरी केवढी आहे त्यांची?" मी विचारलं.

"लय मोठी. तिचे सासरे दाजीबा सांगत होते, साऱ्या अकोल्यात तशी नाई."

मी आत जाऊन पाणसळ घेतली. रजा नंतर मागितली.

तेव्हा आगगाडी यायची होती. मी आणि रहीमबक्ष आबाजींच्या दमणीतून मुक्काम करत करत अकोल्याला पोचलो. वाटेत कापसाच्या बंड्यांनी रस्ता असा भरला होता की आमचे बैल पुढच्या बंडीतला कापूस खात चालले. रहीमबक्ष म्हणे, "दरोगासाब, आपल्या बैलाइतका महागाचा चारा नवाबाच्या घोड्यानं बी नाई खाल्ला."

दाजीबा, म्हणजे काशीचे सासरे, पिढीजात कास्तकार. दोन वर्षांत कापसानं त्यांना वर उचललं होतं आणि ते अजून खाली उतरले नव्हते. अंगात जरीचा अंगरखा, भर उन्हात. आम्ही सोयऱ्याकडचे, त्यातून सरकारी, म्हणून त्यांनी आम्हाला गूळपाणी दिलं आणि लगेच मोरीचं तोंड दाखवायला रस्त्यावर नेलं. तोंडावर दोन दगडी सिंह. आत पोरं लपाछपी खेळतील एवढा अंधार.

"नळ कोणत्या कुंभारानं घडवला?" मी विचारलं.

दाजीबा हसले. "कुंभार म्हने एवढा नळ चाकावर उतरत नाई. मंग मीच डोकं लढवलं. रांजन आनले! बुडं फोडली अन् एकाच्या तोंडात दुसऱ्याचं बूड, असे लावून देल्ले पार रस्त्यापर्यंत."

मी रहीमबक्षाकडे पाहिलं. त्यानं फेट्याचा शेमला तोंडात कोंबला होता. रांजण कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तोंडाशी आणि बुडाशी निमुळता, मध्ये ढेरपोट्या. असे रांजण ओळीनं आडवे निजवले म्हणजे प्रत्येकाच्या पोटात एक डबकं. पाणी एका पोटातून दुसऱ्या पोटात जाणार ते पहिलं भरून वाहिल्यावर. त्यात घरच्या बाया रेच्यावर कापसातली सरकी काढत, तिथलं तूसही न्हाणीत येई. राख, शितं आणि वरून रुई. गादी तयार होत होती आत.

"दरोगासाब," रहीमबक्ष कसंबसं म्हणाला, "ही मोरी नाई. ही तं बावड्यांची बारात हाय."

दाजीबांना राग आला. "मोरीत खोट नाई. मोरी सून यायच्या आंधी चांगली वाहत होती."

वाहत नव्हती, भरत होती. नवी मोरी लग्नाच्या जरा आधीच घातलेली. पोटं भरायला जितके दिवस लागले, तेवढ्यात काशी घरात आली. पण हे मी बोललो असतो तर सोयऱ्याकडचा वकील ठरलो असतो. मी म्हटलं, "सरकीची परीक्षा करू. सरकी रस्त्यावर आली तर मोरी चांगली. मग तुमचं खरं."

"येईन ना! कावून नाई येईन?"

ही बातमी गल्लीत फिरली आणि जी गंमत झाली ती काय सांगू. तो काळच सट्ट्याचा. लोक बोंडावर पैज लावत, पावसावर लावत, साहेबाच्या कुत्र्याला पिलं किती होतील यावर लावत. सरकी केव्हा येईल यावर ओट्याओट्यांवर पैजा लागल्या. फुटाणेवाला येऊन बसला. रहीमबक्ष सिंहांच्या मध्ये चाळणी धरून बसला आणि लोक त्याला सरकीकडून काही निरोप आला का विचारू लागले.

आत न्हाणीपाशी मी, दाजीबा, आणि दारामागे त्यांच्या पत्नी यमुनाबाई. घागर काशीच्या हातात दिली होती. पोर वाळली होती. डोक्यावर पदर इतका पुढे की फक्त हनुवटी दिसावी. मी मूठभर सरकी टाकली. तिनं पाणी ओतलं. 

काही नाही.

"येईन, येईन," दाजीबा म्हणाले. "मोठा नळ हाय. याले येळ लागते."

दुसरी घागर. तिसरी. मग आम्ही मोजायचं सोडून दिलं. गडी विहिरीवरून पाणी आणत राहिले, काशी ओतत राहिली. बाहेर एका म्हाताऱ्याला डुलकी लागली. आणि एकदम रस्त्यावर हलकल्लोळ झाला. "आला! आला!" दाजीबा जरीचा अंगरखा सावरत धावले, मी मागून. पाहतो तर चाळणीत एक भला मोठा बेडूक बसलेला. रहीमबक्ष त्याच्याकडे बघत होता आणि तो रहीमबक्षाकडे. आता बेडूक पैजेत धरायचा की नाही यावर दोन ओट्यांत जुंपली. एकजण म्हणाला, "सरकी त्याच्या पोटात असंन, फोडून पाहा!" मी हसता हसता सिंहाला धरून खाली बसलो. नोकरीत इतका मी कधी हसलो नाही.

दाजीबा मात्र हसले नाहीत. सगळ्या गल्लीपुढे त्यांची मोरी नापास झाली होती. आत आल्यावर मी त्यांना वाट्यांचा हिशेब सांगितला. त्यांच्या घराला सहा बोटी नळ पुरत होता.

"सहा बोटी?" ते ओरडले. "माह्या घराले? गल्लीतल्या शिंप्याच्या घराले सहा बोटी हाय! लोक काय म्हनतीन, दाजीबाचा कापूस बसला? नाई. मोरी हायच तशी राहीन. पोरीलेच घेऊन जा."

यमुनाबाई दारामागून म्हणाल्या, "घेऊन जा तिले. आमी काई तिले मारलं-झोडलं नाई. पन घरात पाय टेकला अन् पानी अडलं, हे साऱ्याईनं पाह्यलं." काशी रिकामी घागर धरून भिंतीशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.  सगळी विद्या माझ्या बाजूला होती आणि तरी पोरीचं माहेरी परत जाणं ठरल्यासारखं होतं.

तेव्हा माझी नजर दाजीबांच्या अंगरख्यावर गेली. घामानं तो पाठीला चिकटला होता आणि आतलं मलमलीचं अस्तर दिसत होतं.

"दाजीबा," मी म्हटलं, "तुमचा नळ काढा असं कोण म्हणतं? नळ असाच राहू द्या. सिंह राहू द्या. आपण त्याला आतून अस्तर लावू."

"अस्तर?"

"उंची कपड्याला अस्तर असतंच. रांजण वरून उघडायचे, पोटात मुरूम चोपायचा, त्यावर सहा बोटी नळ उतारानं न्यायचा, पुन्हा बुजवायचं. रस्त्यावरून बघणाऱ्याला तुमचा रांजणच दिसणार."

दाजीबा विचारात पडले. मग दबक्या आवाजात म्हणाले, "अमरावतीत कोनाच्या मोरीले अस्तर हाय?"

"कोणाच्याच नाही."

"अकोल्यात?"

"कुठून असणार?"

"मंग लावा ना बाप्पा! बसले कावून?"

रहीमबक्ष उठून बाहेर गेला. भिंतीपलीकडून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. काम चार-सहा दिवस चाललं. रांजण उघडले तेव्हा आत खरंच गादी निघाली, काळी, भिजलेली, हातभर जाड. आणि गेल्या परीक्षेतल्या सरकीला पहिल्याच रांजणात कोंब फुटले होते. तिनं पुढे जायचा विचारच सोडून तिथे शेत धरलं होतं.

पुनवेच्या दिवशी, ज्या दिवशी काशीला परत धाडायचं ठरलं होतं, पुन्हा परीक्षा झाली. ओटे पुन्हा भरले. काशीनं एक घागर ओतली. पाणी गुणगुणत गेलं. मी तो आवाज ओळखतो. चांगल्या उताराचा नळ तसाच बोलतो. काशी मान तिरपी करून ऐकत होती. तेवढ्यात बाहेरून रहीमबक्ष असा ओरडला की झाडावरचे पोपट उडाले, "आली बाप्पा, आली! सारी आली!"

दाजीबांनी बत्तासे मागवले आणि ओट्यावर उभं राहून अस्तराची महती सांगत वाटू लागले. यमुनाबाई ताट घेऊन आत आल्या. त्यांनी काशीची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली. म्हणाल्या, "माही सून लक्ष्मी हाय. हिच्या हातची घागर, हिच्याच पायानं पानी वाह्यलं." शेजारणी माना डोलावू लागल्या. मी सुटलो म्हणून श्वास सोडला. सगळं गोड झालं होतं. पोरीनं आता नुसतं वाकून नमस्कार करायचा होता.

काशीनं नमस्कार केला. मग पदराआडून म्हणाली, "आत्याबाई, माह्या पायाचं काई नाई. तुंबली तवाही नव्हतं अन् आता वाह्यली तवाही नाई. उताराचं हाय."

शेजारणींच्या माना डोलायच्या थांबल्या.  मनात म्हटलं, पोरी, घे ना बत्तासा आणि बस गुपचूप! नव्या सुनेनं भरल्या घरात सासूचं बोलणं खोडायचं, आणि तेही कौतुकाचं. यमुनाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आता ताट आपटतील असं मला वाटलं.

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी बारीक होता.

"दरोगा, मोरीचं समजलं. विहीर कशानं आटते?"

मी म्हटलं, "पाऊस कमी झाला तर आटते. नाहीतर जवळपास कोणी जास्त खोल विहीर खणली, तर झरा तिकडे वळतो."

"मी या घरात आली त्या उन्हाळ्यात आटली होती. जुनी विहीर, कदी आटली नव्हती." त्या थांबल्या. "वरच्या अंगाले पाटलानं नवी खंदली होती. मोट लागली होती त्याची दिसभर."

"मग पाणी तिकडे गेलं, बाई."

"मले दोन उन्हाळे माहेरी ठेवलं होतं."

 बाहेर दाजीबांचा आवाज आणि लोकांचं हसणं चाललं होतं. यमुनाबाईंनी डोळे पुसले नाहीत, त्यांना पाणी आलंच नव्हतं. त्या सरळ उभ्या राहिल्या.

"दरोगा, हे बाहीर ओट्यावर जाऊन सांगा. त्याईले आयकू जाईन असं सांगा. मोठ्यानं."

मी बाहेर गेलो. दाजीबांच्या हातात बत्तासे होते, समोर अख्खी गल्ली होती. मी विहिरीचं सांगितलं, नवी खणली म्हणजे जुनीचा झरा कसा वळतो ते सांगितलं, आणि त्यात घरात येणाऱ्या बाईचा काही संबंध नसतो, हेही सांगितलं. दाजीबांचं बत्तासे वाटणं थांबलं. मागे वळून पाहिलं तर यमुनाबाई काशीचा हात धरून दारात उभ्या होत्या. एक शब्द चुकू नये म्हणून त्यांनी कानावरचा पदर मागे सारला होता.